स्लीव्ह शस्त्रक्रियेला चार महिने होत आले : घास अडकतो, केस गळतात आणि महालक्ष्म्या-नवरात्र तोंडावर आले आहे

प्रश्न — शिक्षिका, परभणी जिल्हा

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. वय ४१. मधुमेह, रक्तदाब आणि दोन्ही गुडघ्यांचे दुखणे यांमुळे डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आणि उन्हाळ्याची सुटी लागताच दुर्बिणीतून माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवण्याची शस्त्रक्रिया, झाली. तेव्हा वजन ११८ किलो होते, आज ते ९५ आहे. साखरेची एक गोळी पूर्ण बंद झाली, दुसरी अर्धी झाली. रक्तदाबाची गोळी मात्र पूर्वीचीच चालू आहे. शाळेचा जिना मी आता न थांबता चढते, आणि या निर्णयाचा मला आनंदच आहे, हे आधी सांगून मग अडचणी मांडते.

पहिली अडचण घास अडकण्याची. पातळ आणि मऊ पदार्थांचे दिवस नीट पार पडले, परंतु नेहमीचे जेवण सुरू झाल्यापासून आठवड्यातून एकदोनदा तरी छातीच्या मध्यभागी घास अडकतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि शेवटी तो बाहेर काढावाच लागतो. मधली सुटी लहान असते आणि त्या वेळेत पोळी-भाजी संपवणे मला जमत नाही. दुसरी अडचण अशी की केस विंचरले की फणीत पुंजकाच येतो, आणि गेल्या काही आठवड्यांपासून वजनाचा काटाही जागचा हललेला नाही. थकवा जाणवतो, आणि सकाळी प्रार्थनेला उभी राहिले की कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते.

तिसरी अडचण घरातली आहे. आमचे घर माळकरी, त्यामुळे अंडेसुद्धा घरात येत नाही. स्वयंपाक सासूबाईंच्या हातात असतो आणि माझी वाटी पाहून त्यांना मनापासून वाईट वाटते. ‘एवढ्याशा वाटीवर माणूस जगते का,’ असे त्या रोज म्हणतात. आता महालक्ष्म्या येतील, त्यानंतर नवरात्र. नऊ दिवसांचे उपवास मी माहेरापासून करत आले आहे आणि ते मोडावेत असे मला वाटत नाही. ज्यांनी हे सारे अनुभवले आहे किंवा ज्यांना यातले कळते, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर लांबच्या शहरात असल्याने प्रत्येक लहान गोष्टीसाठी तिथे जाणे होत नाही.

उत्तर १ — मांजराकाठ, लातूर जिल्हा

ताई, माझी शस्त्रक्रिया तुमच्यापेक्षा वेगळी, म्हणजे जठराच्या बायपासची (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याची) आहे आणि तिला आता काही वर्षे झाली. तरीही घास अडकण्याचा अनुभव दोन्हींत सारखाच असतो, म्हणून त्याविषयी लिहितो.

अडकण्याचे कारण बहुतेक वेळा पदार्थात कमी आणि घासाच्या आकारात व वेगात जास्त असते. मी आजही चहाच्या चमच्याने जेवतो. घास शेंगदाण्याएवढा घ्यावा, तो तोंडात पूर्ण लगदा होईपर्यंत चावावा आणि गिळल्यानंतर चमचा ताटात ठेवून द्यावा. हातात चमचा राहिला की पुढचा घास आपोआप उचलला जातो. ताज्या मऊ पोळीचा आणि चिकट भाताचा गोळा तयार होतो, म्हणून हे दोन पदार्थ सर्वांत जास्त अडकतात. साबुदाण्याची खिचडी याच जातीची आहे. त्यापेक्षा ज्वारीच्या भाकरीचा वरचा पातळ पापुद्रा पातळ वरणात किंवा येसराच्या आमटीत चांगला भिजू देऊन कुस्करून खाल्लेला मला सोसतो. (येसर करताना तिखट निम्मे करायला सांगा.) पिठले थोडे सैल केले तर त्याच्याइतके सोयीचे अन्न आपल्या भागात दुसरे नाही, कारण ते मऊ असते आणि बेसनामुळे त्यातून प्रथिनेही मिळतात. ठेचा, तळलेले पदार्थ आणि कच्च्या काकडी-गाजराचे मोठे तुकडे मी पहिल्या वर्षात टाळले. थंडीत हुरड्याचे बोलावणे आले तर तिथेही जपून, कारण हुरडा कितीही कोवळा असला तरी तंतुमय असतो आणि गप्पांच्या नादात नीट चावला जात नाही.

पोट भरल्याची खूण पूर्वीसारखी राहत नाही, ती नव्याने ओळखावी लागते. कोणाला उचकी लागते, कोणाचे नाक वाहू लागते, कोणाला छातीखाली दाब जाणवतो. यांतली तुमची खूण कोणती ते पाहा आणि ती दिसताच थांबा, मग वाटीत एकच चमचा का उरलेला असेना. घास अडकलाच तर तो खाली ढकलण्यासाठी पाणी पिऊ नका, कारण खाली वाट नसते आणि त्रास दुप्पट होतो. उठून सावकाश फेऱ्या माराव्यात; थोड्या वेळात तो बहुधा स्वतःच उतरतो. जेवताना पाणी घेऊ नये आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास थांबावे, हा नियम तुम्हाला सांगितला असेलच. परंतु या नियमामुळे दिवसभराचे पाणी कमी पडते, हे लक्षात येत नाही. दीड लिटर तरी घोटाघोटाने पोटात गेले पाहिजे, आणि आपल्याकडचा उन्हाळा पाहता एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. ताक आणि पातळ सार हेही त्यात धरता येते.

शाळेचे म्हणाल, तर मुख्याध्यापकांना एकदा विश्वासात घेऊन मधल्या सुटीत अर्धे आणि पुढच्या एखाद्या मोकळ्या तासिकेला अर्धे असे जेवण विभागून घ्या. घाईत पूर्ण जेवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

आता सणाविषयी. गोड पदार्थ आपल्या पोटात गेला की तो जठरात न रेंगाळता थेट आतड्यात उतरतो. मग पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते आणि जुलाब होतो. याला डम्पिंग म्हणतात. बायपासवाल्यांना हा त्रास अधिक होतो, पण स्लीव्हवाल्यांनाही तो होऊ शकतो. दुसरा प्रकार उशिराचा असतो : गोड खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते आणि हातपाय थरथरतात. तुमची साखरेची गोळी अजून चालू असल्याने तुम्ही याबाबतीत विशेष सावध राहावे. लग्नकार्यात आणि भंडाऱ्यात आग्रह मोडणे मला सुरुवातीला फार जड गेले. त्यावर मला सापडलेला उपाय असा, की मी घरून माझे माझे जेवून निघतो आणि पंगतीत वाढायला उभा राहतो. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही, यजमानालाही बरे वाटते आणि चार लोकांच्या भेटी होतात त्या वेगळ्याच.

उत्तर २ — आहारतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर

वरील उत्तरातील जेवणाच्या पद्धतीविषयी मला वेगळे काही सांगायचे नाही. मी प्रथिने, गोळ्या आणि उपवास यांविषयी लिहिते, कारण तुमच्या प्रश्नातील केस गळणे, थकवा आणि काही प्रमाणात काटा अडकणे या तिन्हींचा माग प्रथिनांपाशी येऊन थांबण्याची शक्यता मोठी आहे.

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. शाकाहारी आणि अंडेही न चालणाऱ्या घरात, तेही वाटीभर जेवणातून, हा आकडा आपोआप कधीच गाठला जात नाही. तो ठरवून गाठावा लागतो. उदाहरणादाखल एक दिवस मांडून दाखवते. दोन वेळचे मिळून ४०० मिलिलिटर दूध घेतले तर सुमारे १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५० ग्रॅम मऊ पनीर कुस्करून खाल्ले तर ९ ग्रॅम. ३० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण किंवा मुगाचे कढण यांतून ७ ग्रॅम. सोयाबीनच्या २० ग्रॅम वड्या शिजवून, पिळून, मिक्सरमधून बारीक करून वरणात किंवा पिठल्यात मिसळल्या तर १० ग्रॅम. लहान वाटी दह्यातून ३ ते ४ ग्रॅम, आणि दह्याचा चक्का बांधला तर तेवढ्याच वाटीतून त्याहून पुष्कळ जास्त. एवढे सगळे करूनही बेरीज चाळीसच्या थोडी पुढे जाते. म्हणून पहिल्या वर्षात दिवसातून एकदा बिनसाखरेची प्रोटीन पावडर घेणे, जिच्या एका मापात सुमारे २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, हा चैनीचा भाग नसून गरजेचा भाग आहे. पावडर परवडत नसेल तर डाळव्याचे बारीक पीठ ताकात कालवून घेता येईल. ३० ग्रॅम पिठातून ६ ते ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. सोयाबीन आपल्या शिवारातच पिकते म्हणून घरचे कच्चे दाणे दळून वापरणारे लोक मला भेटतात. कच्चे सोयाबीन पचनात अडथळा आणते, त्यामुळे ते नीट शिजल्याशिवाय पोटात जाऊ देऊ नये. बाजारातल्या वड्या त्यापेक्षा सोयीच्या.

ताटात क्रम ठेवावा : आधी वरण, पनीर किंवा पिठले, मग भाजी आणि जागा उरली तरच भाकरी. आपल्याकडे भाकरी हेच जेवण समजले जाते, त्यामुळे हा क्रम घरातल्यांच्या गळी उतरायला वेळ लागतो. सासूबाईंना एकच गोष्ट समजावून सांगता आली तर ती ही सांगा.

केसांविषयी घाबरू नका. वजन झपाट्याने उतरले की शरीर बऱ्याच केसांना एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत पाठवते आणि ते तिसऱ्या महिन्याच्या आसपास गळू लागतात. मुळे शाबूत असतात, म्हणून पुढच्या सहा-आठ महिन्यांत केस बहुधा परत येतात. त्यासाठी महागडी तेले घेण्याऐवजी तो पैसा पनीरवर आणि रक्ततपासणीवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानंतरही केस गळत राहिले तर लोह आणि जस्त तपासावे. वजनाचा काटाही एका रेषेत खाली येत नाही, तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. काही आठवडे थांबून पुन्हा उतरणे हे नेहमीचे आहे. या काळात खाणे आणखी कमी केले तर चरबीऐवजी स्नायू झिजतात. त्याऐवजी रोज चालणे आणि हलके वजन उचलण्याचा व्यायाम सुरू ठेवा व दर महिन्याला कंबरेचे माप घ्या.

गोळ्यांच्या वेळा हा दुसरा दुर्लक्षित भाग. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर एक दुसऱ्याला शोषू देत नाही, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर असावे. कॅल्शियम शक्यतो सायट्रेट प्रकारचे घ्यावे, कारण त्याला शोषणासाठी जठरातल्या आम्लाची फारशी गरज लागत नाही, आणि दिवसाची १२०० ते १५०० मिलिग्रॅमची मात्रा दोन-तीन वेळांत विभागावी. लोहाची गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर कदापि नको. चहाचा प्रश्न आपल्या भागात मोठा आहे, कारण ज्या घरी जाल तिथे कपभर गोड चहा समोर येतोच. तो नळीतून अडथळ्याशिवाय उतरतो, पोट भरत नाही आणि साखर मात्र जमा होत जाते. गुळाचा केला म्हणून त्यात फरक पडत नाही. वर्षा-दोन वर्षांनी ज्यांचे वजन पुन्हा चढू लागते, त्यांच्याकडे मी पहिला प्रश्न चहाचा आणि चिवड्या-फरसाणाचा विचारते.

महालक्ष्म्यांच्या जेवणात तुमच्या सोयीचे बरेच काही असते. सोळा भाज्यांची भाजी मऊ शिजलेली असेल तर दोन चमचे घ्या, ज्वारीची आंबील ताकातली आणि बिनगोडाची असेल तर छोटी वाटी घ्या, कटाच्या आमटीच्या तळातली डाळ घ्या. पुरणपोळी आणि फुलोऱ्यातल्या करंज्या मात्र सवाष्णींच्या ताटात जाऊ द्या. प्रसाद म्हणून नखाएवढे पुरण जिभेवर ठेवायचेच असेल तर ते जेवणाच्या शेवटी, रिकाम्या पोटी नव्हे.

नवरात्राचे नऊ उपवास या वर्षी करू नयेत. साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिष्टमय भाग असतो, प्रथिने नसल्यासारखीच. भगरीतही ती थोडी. नऊ दिवस केवळ यांवर काढणे म्हणजे ज्या काळात शरीर सर्वांत वेगाने झिजत आहे, त्याच काळात त्याचा आधार काढून घेणे होय. बसता-उठता उपवास, म्हणजे घटस्थापनेचा आणि शेवटचा, एवढेच करण्याची रीत अनेक घरांत आहे. तुमच्या डॉक्टरांनी होकार दिला तर ते दोन दिवस दूध, दही, पनीर, राजगिऱ्याची पातळ लापशी आणि बारीक शेंगदाणा कूट यांवर काढता येतील. गोळ्या त्या दिवशीही चुकवायच्या नाहीत.

उत्तर ३ — हळदीच्या गावाहून, वसमत

शस्त्रक्रिया माझ्या यजमानांची झाली आहे. त्यांचे मोंढ्यात आडतीचे दुकान आहे. मी घरातल्या माणसांच्या बाजूने लिहिते, कारण ताईंच्या सासूबाईंचे म्हणणे वाचून मला माझ्याच सासूबाई आठवल्या.

आमच्याकडे पहिले काही महिने रोज जेवणाच्या वेळी ताण असे. मुलगा वाळून चालला, चेहरा उतरला, शेजारीपाजारी विचारतात की कोणता आजार झाला, हे सगळे आईंनी मनाला लावून घेतले होते. मी कितीही समजावले तरी उपयोग होत नव्हता. शेवटी पुढच्या तपासणीला आम्ही आईंनाही बरोबर घेऊन गेलो. तिथे आहारतज्ज्ञांनी जठराचे चित्र दाखवले, सुमारे तीन चतुर्थांश जठर काढलेले आहे आणि भूक जागवणारे एक संप्रेरक जिथे मुख्यत्वे तयार होते तो भागही त्यासोबत गेला आहे हे सांगितले, आणि एक लहानशी वाटी त्यांच्या हातात दिली. त्या दिवसापासून आई स्वतःच यांच्या वाटीची राखण करू लागल्या. पाहुण्यांनी आग्रह केला तर त्याच आडव्या येतात. ताई, तुम्हीही सासूबाईंना एकदा बरोबर न्या. त्यांच्या बोलण्यामागे काळजी आहे, आणि काळजी करणाऱ्या माणसाला काही काम दिले की ती काळजी उपयोगी पडते. सोयाबीनच्या वड्या पिळून बारीक करण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवा.

आणखी एक गोष्ट पुरुष वाचकांसाठी लिहिणे मला आवश्यक वाटते. मोंढ्यात हळदीचा हंगाम संपला की बसणे-उठणे होते, त्यात दारू असते. शस्त्रक्रियेनंतर दारू फार लवकर आणि फार जास्त चढते, तिचा अंमल जास्त वेळ राहतो, आणि पूर्वी जो माणूस जेवणात समाधान शोधत होता तो नकळत तिकडे वळू शकतो. डॉक्टरांनी आम्हाला हे शस्त्रक्रियेच्या आधीच बजावले होते, म्हणून यांनी भागीदारांना स्पष्ट सांगून ती बैठकच सोडली. काहींना राग आला. तो आम्ही येऊ दिला. तंबाखूचेही तसेच, विडी-सिगारेटने जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो, हे त्यांना त्याच वेळी सांगितले गेले.

मनाचे चढउतारही होतात. हे अधूनमधून विनाकारण चिडत किंवा गप्प बसून राहत. खाणे हा त्यांचा थकवा घालवण्याचा मार्ग होता आणि तो एकाएकी बंद झाला होता, हे मला उशिरा उमगले. संध्याकाळी आम्ही दोघे बसस्थानकापर्यंत चालत जाऊ लागलो तेव्हा त्यांचे बोलणे पुन्हा सुरू झाले. पोटाची आणि दंडांची कातडी सैल पडते, घड्यांत घाम साचून चट्टे येतात. तिथे कोरडे ठेवणे आणि सुती कापड वापरणे याने आमचे भागले. कातडीची शस्त्रक्रिया करायचीच असेल तर वजन एका जागी स्थिर होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्ष, थांबायला सांगितले आहे.

उत्तर ४ — तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर

मी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नाही. पुणे, मुंबई, हैदराबाद किंवा संभाजीनगर येथे शस्त्रक्रिया करून गावी परतलेले रुग्ण त्रास झाला की माझ्यासारख्याकडे येतात, म्हणून काही गोष्टी आग्रहाने सांगतो.

ताई, तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट डोळ्यांपुढे येणारी अंधारी ही आहे. वजन तेवीस किलोंनी उतरले आहे आणि रक्तदाबाची गोळी पूर्वीचीच चालू आहे. वजनाबरोबर रक्तदाबही खाली येतो, त्यामुळे जुनी मात्रा आता जास्त होत असण्याची शक्यता आहे. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असेल तर पाणी कमी पडून त्रास आणखी वाढतो. गोळी स्वतःहून बंद करू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा रक्तदाब मोजून घ्या, ते आकडे कागदावर लिहा आणि याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना दूरध्वनीवरून कळवा. अंधारी येईल तेव्हा बोटातून साखरही तपासा, कारण उरलेल्या अर्ध्या गोळीचे कारणही असू शकते. अशक्तपणामागे रक्त कमी असणे हे तिसरे कारण संभवते.

दुसरी गोष्ट उलटीची. आठवड्यातून एकदोनदा घास अडकणे हे चमच्याने आणि सावकाश जेवल्याने थांबायला हवे. तसे न थांबता त्रास वाढत गेला, मऊ पदार्थही अडकू लागले किंवा पाणीसुद्धा टिकेना, तर नळी एखाद्या ठिकाणी अरुंद झाली असू शकते आणि दुर्बिणीने तपासून ती फुग्याच्या साहाय्याने रुंद करता येते. त्यात दिवस घालवू नयेत. याहून गंभीर एक धोका आहे आणि तो आपल्या भागात सहज घडू शकतो. शरीरात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, अवघे काही आठवडे पुरेल एवढेच साठलेले असते. सतत उलट्या होत राहिल्या की ते संपते. अशा रुग्णाला अशक्तपणा आला म्हणून गावात ग्लुकोजचे सलाईन लावले जाते, आणि थायामिन न देता ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊ शकते : दोन दोन दिसू लागते, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. यातली काही इजा कायमची राहते. म्हणून सलाईन लावण्यापूर्वी ‘माझी स्लीव्ह झाली आहे, आधी थायामिन द्या’ हे सांगणे तुमच्या किंवा घरच्यांच्या तोंडी असले पाहिजे. मी माझ्या रुग्णांना एक कार्ड करून देतो. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक, चालू औषधे, आणि लाल शाईत दोन ओळी असतात : ग्लुकोजआधी थायामिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत. ते पर्समध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत घरात सर्वांना दिसेल अशी लावा.

वेदनाशामकांचे कारण असे, की आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी जठरात व्रण होतात. बायपासनंतर हा धोका फार मोठा आहे, पण स्लीव्हनंतरही त्या टाळलेल्याच बऱ्या. तुमचे गुडघे दुखतात आणि मेडिकलवर या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणून मुद्दाम लिहितो. दुखलेच तर पॅरासिटामॉल घ्या.

वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होतात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीकडे किंवा खांद्याकडे गेली तर ती नुसती आम्लपित्ताची समजून सोडू नये, सोनोग्राफी करावी. खडे होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने एक गोळी दिली जाते. तुमच्या चिठ्ठीत ती असेल तर मध्येच बंद करू नका. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळही वाढते, तीही सांगावी.

रक्ततपासणी पहिल्या वर्षी साधारण तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात व पुढे दरवर्षी करायची असते. त्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि मधुमेहाची तीन महिन्यांची सरासरी एवढे तरी असावे. बी-१२ चा साठा यकृतात बराच काळ पुरतो, त्यामुळे कमतरता वर्षा-दोन वर्षांनी, रुग्णाने गोळ्या सोडून दिल्यावर, तळपायांना मुंग्या येऊन प्रकट होते. शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी असतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. बाटली संपली म्हणजे उपचार संपला, असा समज मला वारंवार आढळतो. हा धागा वाचणाऱ्या तरुण मुलींसाठी आणखी एक सांगतो : वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते, परंतु शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते, तेव्हा त्याची व्यवस्था डॉक्टरांशी बोलून आधीच करावी.

शिक्षिका, परभणी जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. आज आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजला. आडवी असताना ११०/७० होता, उभी राहिल्यावर वरचा आकडा ८८ पर्यंत आला. डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी गोळीची मात्रा निम्मी केली आहे आणि आठवड्याने पुन्हा आकडे मागितले आहेत. पनीर कुस्करून आणि भाकरीचा पापुद्रा वरणात भिजवून दुपारी चमच्याने जेवले, घास अडकला नाही. सासूबाईंना पुढच्या तपासणीला नेण्याचे ठरले आहे. त्या येणार म्हणाल्या. नवरात्रात बसता-उठता उपवास करण्यास त्यांचीही हरकत नाही, उलट आजारपणात देवी मागत नसते, असे त्याच मला म्हणाल्या. एक शंका उरली आहे. तिसऱ्या महिन्याची रक्ततपासणी माझ्याकडून राहिली आहे, ती आता करावी की सहाव्या महिन्यापर्यंत थांबावे?

तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर

थांबू नका, याच आठवड्यात करा. उभे राहिल्यावर रक्तदाब एवढा उतरतो आहे, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन आत्ताच कळायला हवे. सोबत क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियमही पाहून घ्या, म्हणजे पाणी कितपत कमी पडते आहे आणि मूत्रपिंडावर ताण आहे का, याचा अंदाज येईल. आठवडाभर खाटेवरून उठताना आधी मिनिटभर बसा, मग उभे राहा, आणि शाळेत प्रार्थनेच्या वेळी खुर्ची जवळ ठेवा.